उसने घेतलेले साल

१६ मार्च २०१६. एका छपराखाली चार जीव: भिंतीच्या पूर्वेला तीन, पश्चिमेला एक.

पश्चिमेकडची ती एक म्हणजे लुआ. वय एकावन्न, विधवा. त्या सकाळी ती आपल्या घरातून बाहेर पडून रस्त्याच्या टोकाला, घराकडे पाठ करून उभी होती, कारण त्या घटकेला ते घर तिचे नव्हते. आदल्या संध्याकाळी तिने ते आपले थोरले दीर विन्ह यांना देवासमोर विकले होते. विड्याचे ताट, तांदळाच्या दारूची बाटली, कागदी सोन्याची पाने, एवढ्यावर व्यवहार झाला होता. विधवेच्या वयावर छपराला हात लावता येत नाही. पुरुषाचे वय लागते, आणि तेही त्या साली निर्दोष असलेले. लुआला मुलगा नव्हता. म्हणून दिरांनी तिच्या अंगणात उभे राहून भूमिदेवाला आपले नाव सांगितले, गर्भातले वर्ष धरून एकसष्ट हे वय सांगितले, आणि पहिले जुने कौल स्वतःच्या हाताने उतरवले. शेजारणीने तिला घराण्यातल्या आकड्याने हाक दिली, ‘सातवी, ये गं, झालं!’ तेव्हा लुआ वळली.

सायगावच्या दक्षिणेकडच्या आमच्या गो कोंग गावात ही रीत जुनी आहे. वय उसने घेणाऱ्याने काम पुरे झाले की घर परत विकत घ्यायचे असते, आणि घेताना भाव थोडा चढता द्यायचा असतो. उपकारावर व्याज म्हणून. तोपर्यंत वय देणाऱ्याला दुसऱ्या कोणत्याही घराचे काम सुरू करता येत नाही, स्वतःच्या घराचेही नाही. एका वयावर दोन घरे उभी राहत नाहीत. हा नियम लुआला माहीत होता. पुढे जे घडले त्यात अज्ञानाचा भाग नाही, हे आधीच नोंदवणे बरे.

घर १९३१ सालचे. आजेसासरे तांदळाचे दलाल होते. फ्रेंच साहेबांच्या कचेरीची इमारत पाहून त्यांनी तशीच दर्शनी बाजू आपल्या घराला लावून घेतली होती. तीन कमानी, गोल खांब, पिवळा चुना, हिरव्या फळ्यांच्या झडपा, खांबांच्या डोक्यावर चुन्यात घडवलेले हार, आणि मधल्या कमानीवर त्रिकोणी माथा, त्यावर सालाचे आकडे. आत मात्र सगळे आपले: देव्हारा, लाकडी फळीचा पलंग, पाण्याचे रांजण. १९९० साली वाटण्या झाल्या तेव्हा मधोमध भिंत घालणे अशक्य होते, कारण मधोमध पूर्वजांचा देव्हारा होता, आणि देव्हारा कापता येत नाही. त्यामुळे दोन कमानी आणि तो माथा विन्ह यांच्याकडे गेला. लुआचा नवरा थिन्ह याच्या वाट्याला एक कमान आली.

या घराण्यात माणसाला जन्माच्या क्रमाने हाक मारतात, आणि सून नवऱ्याचा आकडा घेते. विन्ह पाचवे, म्हणून त्यांची बायको दाओ ही पाचवी. थिन्ह सातवा, म्हणून लुआ सातवी. लुआ दिसायला उजवी, हाताला चलाख. कोळंबी वाटून, गाळून, उन्हात मुरवून जो लालसर ‘माम’ ती करी तो बाजारात सकाळीच संपे. पण पूर्वजांच्या तिथीला घरी जेवणारे पाहुणे पंगतीत म्हणत, ‘पाचव्या वहिनींचा माम खाल्ला आणि तिथी पावली.’ माम लुआचा असे. पाहुणे मधल्या कमानीतून येत, दाओ दारात उभी असे, म्हणून जे काही ताटात पडे ते दाओचे ठरे. लुआची ताटे मागच्या दाराने आत जात. ही गोष्ट तिने कधी बोलून दाखवली नाही. दाओनेही पाहुण्यांची चूक दुरुस्त केली नाही, कारण तिला ती कधी ऐकूच आली नव्हती. ज्याला आयतेच मिळते त्याला मिळाल्याचा आवाज ऐकू येत नाही.

थिन्ह २००९ साली गेला. मरण्याआधी त्याने आपल्या बाजूची कौले बदलली होती. गळत होती ती विन्ह यांची बाजू.

२०१५ च्या अखेरीस बाजारात भाजीवाली न्गोत लुआच्या गाळ्यासमोर टेकली आणि म्हणाली, ‘ऐकलंस का गं सातवी? तुझे भावोजी येत्या वर्षी छप्पर घालणार. साल अगदी चोख निघालंय म्हणे त्यांचं.’

‘घालू देत की. मी काय त्यांची कौलं धरून ठेवलीत?’

‘तसं नाही गं. खांबसुद्धा घासणार, चुना देणार. त्यांची बाजू उजळली की तुझी आणखी काळी दिसणार, एवढंच आपलं म्हणते.’

‘तुझ्या जिभेला हाड नाही, न्गोत.’

‘हाड असतं तर भाजी कशी खपली असती?’

लुआ हसली. पण त्या दिवशी तिने गिऱ्हाइकाला दोनदा चुकीची बरणी दिली. तिच्या डोळ्यांपुढे दोन उजळ कमानी आणि एक काळी कमान अशी उभी राहिली की बाकीचे काही दिसेना. तिने सायगावला नोकरी करणाऱ्या मुलीला, त्रामला, फोन केला. त्राम म्हणाली, ‘आई, तुझं छप्पर गळतंय का?’ लुआ म्हणाली, ‘गळण्याचा काय संबंध?’ मुलीने पैसे पाठवायचे कबूल केले. मग लुआ ज्योतिषाकडे गेली. त्याने बोटे मोजून सांगितले की घराण्यात येत्या सालाला चालेल असा पुरुष एकच, पाचवा. लुआने ते ऐकून घेतले आणि वाट पाहिली.

थिन्हच्या तिथीला सगळे जमले. उदबत्त्या विझत आल्या होत्या, जेवणे सुरू होती. लुआ वाढता वाढता विन्ह यांच्या पाटापाशी थांबली.

‘दादा, सातव्याच्या तसबिरीकडे बघून एक मागते. नाही म्हणू नका.’

‘आधी माग तरी.’

‘तुमचं येतं साल.’

दाओच्या हातातली पळी वाडग्यावरच थांबली. ‘ते कसं देणार, लुआ? यांनाच लागणार आहे. देव्हाऱ्यावर थेंब पडतात आमच्या.’

‘पडतात तर माझ्याकडेही, ताई. पण तुमच्याकडे माणूस आहे, साल आज गेलं तर उद्या येईल. माझ्याकडे कोण आहे?’

 कोपऱ्यातले एक म्हातारे चुलते तोंडातला घास गिळून म्हणाले, ‘पाचव्या, मेलेल्या भावाच्या तिथीला विधवा मागते आहे. सालच तर मागते, शेत नाही.’

विन्ह बंदरखात्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी भावाच्या तसबिरीकडे पाहिले आणि म्हणाले, ‘घे.’

स्वयंपाकघरात दाओ भांड्यांवर राग काढत होती. ‘मीठ मागितल्यासारखं मागितलं, आणि यांनी मीठ दिल्यासारखं दिलं!’ विन्ह यांनी तिला समजावले की पुढचे निर्दोष साल २०१९. तोवर फुटकी कौले बदलून भागवू. तीन वर्षांनी काय बिघडते?

लुआकडे त्या रात्रीही काही गळत नव्हते.

काम पावसाच्या तोंडाशी पुरे झाले. लुआने जुने नीट केले नाही. जुन्याहून जास्त फ्रेंच असे काहीतरी तिला हवे होते. चुन्याचे हार छिनीने उडवून साच्यातले तयार हार बसवले, प्रत्येक हारात गुलाब. खांबांना सोनेरी पाने. फळ्यांच्या झडपा काढून निळ्या काचेच्या सरकत्या खिडक्या. भिंतीला प्लास्टिकचा मोतिया रंग. एका कमानीवर मावेल त्याहून मोठा त्रिकोणी माथा, त्यावर २०१६. पुढे आरसा वाटेल असे पोलादी फाटक. गवंड्याने विचारले होते, ‘काकू, माथा शेजारच्याहून हातभर वर जातोय, चालेल?’ लुआने विचारले, ‘दीड हात जाईल का?’

रस्त्यावरून जाणारे थांबून पाहत. ‘सातव्यांनी कमाल केली!’ म्हणत. तो एक पाऊसकाळ लुआ सुखी होती. सकाळी ती फाटक पुसायला बाहेर येई, आणि पुसता पुसता डावीकडच्या दोन काळवंडलेल्या कमानींकडे पाहून घेई. आपल्या सुखाला शेजारच्या भिंतीचा आधार लागतो, हे तिच्या ध्यानात आले नव्हते.

घर परत घेण्याचा दिवस ज्योतिषाने आठव्या चांद्रमासात काढून दिला. लुआने ताट सजवले: पाने, सुपारी, बाटली, ताजी फळे, आणि चढत्या भावाची कागदी पाने. नवे कपडे करून ती फाटकाबाहेर आली, तो दाओच्या पायरीवर एक नवरी बसलेली. पांढरा घोळदार झगा, हातात कमळे. मागे उडालेला पिवळा चुना, खाली विटांचा लाल, झडपांचा फिकट हिरवा. छायाचित्रकार गुडघ्यावर बसून एकामागून एक चित्रे घेत होता. दाओ दारात उभी राहून नवरीला लिंबाचे सरबत देत होती.

छायाचित्रकाराने मान वळवली. ‘काकू, जरा कृपा कराल? ते फाटक आत ओढून घ्या. चमक येते चित्रात.’

‘माझं फाटक?’

‘हो, आणि तुमच्या बाजूचं काही नको यायला. नवं आहे ना सगळं. आम्हाला खरं फ्रेंच हवंय.’

नवरी हसून म्हणाली, ‘काकूंना ताटासकट घ्या की! जुन्या काळातल्या वाटतील.’

‘नको, मागे सोनेरी खांब येतो.’

दाओ वरून म्हणाली, ‘लुआ, ये ना, थांबलीस का? हे बघ, ही पोरं सायगावहून आलीत आपलं घर बघायला!’

‘आपलं’ हा शब्द तिने चांगल्या मनानेच वापरला असावा. लुआ फाटक ओढून घेऊन आत गेली. ताटातली फळे तिने स्वतः सोलून खाल्ली. पाने सुकली, बाटली कपाटात गेली.

त्यानंतर नवऱ्या येतच राहिल्या. दर शनिवार-रविवारी एखादी तरी. चित्रे फोनवरून फिरली, आणि गावाबाहेरचे लोक पत्ता विचारताना म्हणू लागले, ‘ते जुनं घर, पाचव्यांचं.’ शेजारी नवे उभे आहे त्याचा उल्लेख खुणेपुरता: ‘चकचकीत फाटकाच्या अलीकडे.’

इथे लुआच्या मनाचा एक हिशेब स्पष्ट मांडला पाहिजे, कारण पुढचे सारे त्यातून आले. जुनी बाजू जुनी आहे म्हणून लोकांना आवडते. ती नवी झाली तरी त्रिकोणी माथा, दोन कमानी आणि देव्हारा यांच्यामुळे दाओचीच राहील. दोन्हीकडून हार. मग तिच्या हाती उरले काय? तर एक गोष्ट उरली. घर परत न घेणे. ते घेतले नाही तर २०१९ हे विन्ह यांचे साल कोरडे जाईल. त्याने तिला काही मिळणार नव्हते. दाओचे काही अडेल, एवढेच. मत्सराची भूक कशाने भागते हे पाहिले तर ते बहुधा एवढेच असते.

२०१८ च्या शेवटी दाओ स्वतः भिंतीपलीकडून आली. हातात तिने केलेला फणसाचा गोड भात होता. लुआने तिला नव्या दिवाणखान्यात बसवले.

‘लुआ, ते घर परत घ्यायचं राहिलंय तुझं.’

‘राहिलंय खरं. दिवस बरा निघत नाही, ताई.’

‘दोन वर्षांत एक दिवस निघाला नाही?’

‘तुम्ही का घाई करता? माझं घर देवाच्या दप्तरी तुमच्या नावावर आहे, तुम्हाला तर आनंद व्हावा. दोन कमानी होत्या, तीन झाल्या.’

दाओ म्हणाली, ‘पाऊस आला की मी देव्हाऱ्यावर परात धरून उभी राहते. त्यात तुझे सासू-सासरेही आहेत. तुझा नवराही आहे.’

‘मग दादांनी दुसऱ्या कोणाचं वय घ्यावं.’

‘देव्हाऱ्याचं घर परक्याला नावापुरतंही विकत नाहीत. तुला माहीत आहे. खांगचं साल अजून दोन वर्षं दोषात आहे.’ खांग हा तिचा मुलगा.

‘बघते. पौर्णिमा होऊ दे.’

‘कुठली पौर्णिमा ते सांग.’

‘ताई, भात छान झालाय हं. नवऱ्यांनाही देता का हो असाच?’

दाओ उठली. दारात तिने लुआच्या खांबावरच्या सोनेरी पानाला बोट लावून पाहिले. रंग बोटाला आला. ती काही बोलली नाही. ते न बोलणे लुआला कुठल्याही टोमण्याहून जास्त लागले, आणि उरलीसुरली पौर्णिमाही गेली.

खांग चिडून बापाला म्हणाला, ‘बाबा, कोण मानतं हे आता? गवंडी बोलवा आणि करा सुरू!’

विन्ह म्हणाले, ‘मी भूमिदेवापुढे उभा राहून हे वय तिच्या घराला लावलंय. आता तेच वय माझ्या घराला लावू? तो काय म्हणेल?’

‘तो काय म्हणणार? त्याला गळती दिसत नाही का?’

‘दिसत असेल. पण बोलून मी मोकळा झालोय.’

‘मग काकूला सांगा ना सरळ!’

‘मागितलं तेव्हा तिने सगळ्यांसमोर मागितलं. परत द्यायचं तर तिचं तिला सुचलं पाहिजे. मागून घेतलं तर ते देणं कसलं?’

हा त्यांचा स्वाभिमान होता, आणि तो निर्दोष नव्हता. भिंतीपलीकडे एक हाक मारली असती तर कदाचित गाठ सुटली असती. त्यांनी ती मारली नाही. लुआ रोज सकाळी फाटक पुसताना त्या हाकेची वाट पाहत असे. त्यांनी येऊन मागावे, दाओच्या देखत मागावे, एवढी तिची इच्छा होती. २०१९ असे गेले.

२०२० च्या पाऊसकाळात जुन्या बाजूचा वासा कुजून खचला. एका दुपारी त्रिकोणी माथा १९३१ च्या आकड्यांसह पायरीवर कोसळला. कोणी खाली नव्हते. नगरपालिकेच्या माणसाने दोरी बांधली आणि राहण्यास मनाई केली. खांग तोवर मी थो शहरात भाड्याच्या खोलीत राहायला गेला होता. विन्ह आणि दाओ तसबिरी, धूपदान आणि देव्हाऱ्याची फळी घेऊन तिथे गेले. जाताना दाओने भिंतीपलीकडे निरोप घेतला नाही. विन्ह मात्र फाटकाशी थांबले. ‘येतो गं, सातवी. माझ्याकडून तुझ्या बाजूला ओल येईल, भिंतीकडे लक्ष ठेव.’

लुआने मान हलवली. जे तिला हवे होते ते समोर घडले होते. दोन कमानी रिकाम्या, नवऱ्या येईनाशा, रस्त्यावर एकटे तिचेच घर उभे. तरी लोक जाता येता थांबत ते दोरीपाशी. ‘काय सुंदर होतं हो पाचव्यांचं घर!’ म्हणत. पडलेल्या घराशी स्पर्धा करता येत नाही, हे तिला त्या पावसात कळले. ओल भिंतीतून आलीच. मोतिया रंगाला फुगे धरले.

एप्रिल २०२१ मध्ये विन्ह मी थो येथे वारले. अंत्यविधीहून परतल्यावर बाजारात न्गोतने भाजीवर पाणी शिंपडता शिंपडता विचारले, ‘सातवी, तुझ्या फाटकाला पांढरं नाही बांधलंस ते?’

‘मी कशाला? त्यांचं घर मी थोला आहे.’

‘अगं, देवाच्या दप्तरी मालक तेच ना तुझ्या घराचे? तू परत कुठे घेतलंस? मालक गेला की घरानं सुतक पाळायचं असतं, असं आपलं मी ऐकलंय.’

आजूबाजूच्या बायका हसल्या नाहीत. एकीने मान खाली घातली. लुआला उमगले की ही गोष्ट सगळ्या बाजाराला कधीपासून ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी ती बसने मी थोला गेली. ताट तेच: पाने, सुपारी, बाटली, फळे, कागदी सोने. खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी देव्हाऱ्याची फळी टेकलेली. दाओने दार उघडले. डोक्याला सुतकाची पांढरी पट्टी होती.

‘ताई, घर परत घ्यायला आलेय.’

‘कोणाकडून?’

‘दादांकडून. म्हणजे, तुमच्याकडून.’

‘मी घेतलं नव्हतं, लुआ. ज्यानं घेतलं त्याला विचार.’

‘आता कसं विचारू?’

‘चार वर्षं भिंतीपलीकडे होते ते.’

लुआ ताट हातात धरून उभी राहिली. आतून खांग आला, त्याने पाहिले, आणि म्हणाला, ‘काकू, मला नका देऊ. मी घेतलं तर बाबांनी पाळलेलं सगळं फुकट जाईल.’

दाओ बाजूला झाली. ‘आत ये. उन्हातून आलीस. जेवून जा. ताट मात्र बाहेरच ठेव.’

लुआ जेवली. पंगतीत माम होता. बाजारातला, दुसऱ्या कोणाचा. तिने तो संपवला आणि चांगला झालाय असे म्हटले. जाताना दाराबाहेरचे ताट तिने उचलून परत नेले.

आज पूर्वेकडे कोणी राहत नाही, पश्चिमेला एक. त्या घराचा परतीचा भाव दिलेला नाही, आणि तो घेऊ शकेल असा माणूस उरलेला नाही. विन्ह यांचे २०१६ हे साल फेडलेले नाही.